लखोटा उघडण्याआधीचे पेढे

डॉक्टर व्हायला निघालेला आणि मंजुश्री बिराजदारला ओळखत नाही, असा पोरगा लातुरात सापडायचा नाही. मल्लिकार्जुन सरांच्या क्लासमध्ये ती पंधरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. सकाळी साडेसहा ते साडेदहा एक पाळी, संध्याकाळी चार ते आठ दुसरी. एका बॅचला पावणेदोनशे पोरं बसतात, आणि फळ्यावर पुस्तकाबाहेरची एक ओळ लिहिली की मागून ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, हे नीटला येतं का?" येत नसेल तर पावणेदोनशे पेनं एकदम खाली. या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन तिचा आवाज बसला आहे, आणि खरं सांगायचं तर जीवही विटला आहे. कारण तिला ज्यात गोडी आहे, ते नीटला कधीच येत नाही.

ते काम ती दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात करते. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत तिचं सासर आहे. खाली नवऱ्याच्या, संगमेशच्या, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाचं गोदाम, मागे स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत, पातेल्यांच्या खोक्यांना टेकवलेल्या टेबलावर तिचा लॅपटॉप असतो. अकरा ते साडेतीन ती तिथे बसलेली असते. सासूबाई गुरम्मा निलंग्याकडच्या, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. जेवायला तीनदा हाक मारून अव्वा थकल्या की ताट वर येतं. हे तेरा वर्षं चाललं आहे. नांदेडला पीएचडी केली तेव्हा सुरू झालं, पीएचडी मिळाली तरी थांबलं नाही. पदवी मिळाल्यावर हे खूळ उतरेल अशी घरच्यांची आशा होती. तिने त्या आशेवर पाणी फिरवलं.

काम काय, हे सांगायला फार वेळ लागत नाही, पण ऐकायला कोणी थांबत नाही. आकाशात काही मेलेले तारे आहेत, ते स्वतःभोवती गरागरा फिरतात आणि दर फेरीला त्यांचा एक ठोका आपल्याकडे पोचतो. हा ठोका घड्याळासारखा नेमका असतो. आपल्या आणि ताऱ्याच्या मधून गुरुत्वाची लहर गेली तर मधली जागाच जराशी ताणली जाते किंवा आखडते, आणि ठोका सेकंदाच्या अब्जाव्या भागांनी लवकर किंवा उशिरा येतो. एका ताऱ्यावरून काही कळत नाही. पन्नास-साठ तारे वीस वर्षं पाहिले, आणि सगळ्यांच्या ठोक्यांत एकाच जातीचा घोळ दिसला, तर ती लहर. काही वर्षांपूर्वी जगातल्या मोठ्या गटांनी अशा लहरींची सगळीकडून येणारी गुणगुण असल्याचा पुरावा जाहीरही केला. पण ती गुणगुण कुणाची, ते ठरलं नाही. एकमेकांभोवती फिरणाऱ्या प्रचंड कृष्णविवरांची असेल, किंवा विश्व जन्मून सेकंदही झाला नव्हता तेव्हा उठलेली, अजून पुरती न विरलेली असेल. मंजुश्रीला ही दुसरी हवी होती. तेव्हाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही, तेव्हाचं काही ऐकू येईल तर याच लहरीतून. दोन्ही गुणगुणींचा उतार वेगळा असतो, म्हणजे संथ लहरींचा जोर आणि भरभर लहरींचा जोर यांचं प्रमाण वेगळं. ते मोजता आलं की झालं.

मोजणं अवघड का, तर गुरू ग्रहामुळे. पृथ्वी नक्की कुठे आहे हे ठरवताना गुरूच्या जागेचा हिशेब धरावा लागतो, आणि त्यामुळे पृथ्वीच्या जागेत पन्नास-शंभर मीटरांची चूक आली तरी ती बरोबर लहरीसारखी दिसते. ही चूक लहरीपासून वेगळी कशी काढायची, यावर मंजुश्रीने तेरातली नऊ वर्षं घालवली. शेजारच्या उमादेवींना कुठूनसं कळलं की ही गुरूचा अभ्यास करते. तेव्हापासून त्या मुलीची पत्रिका घेऊन दोनदा जिना चढून आल्या आहेत.

सात देशांतल्या माणसांचा एक लहानसा गट या शोधात होता आणि मंजुश्री त्यात तीन वर्षं उमेदवार होती. उमेदवाराला गट देईल तेवढीच आकडेवारी मिळते, निबंधावर नाव येत नाही. डिसेंबरच्या बैठकीत तिला पूर्ण सदस्य करायचं की नाही, हे ठरणार होतं. एकदा सदस्य झाली की सगळ्या दुर्बिणींची कच्ची नोंद उघडी होणार होती. क्लासवाल्या बाईला असा दरवाजा आयुष्यात एकदाच उघडतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची नांदेडची मैत्रीण समीक्षा सदस्य होती. तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेली. तिनेच मंजुश्रीचं नाव सुचवलं होतं.

या गटाची एक चाल आहे, ती आधीच सांगितलेली बरी. अधूनमधून आकडेवारीत एक बनावट लहर गुपचूप मिसळली जाते. कधी मिसळली, कशी मिसळली, हे फक्त दोघांना माहीत असतं आणि ते लिहून लखोट्यात बंद केलेलं असतं. बाकीच्यांनी आपापलं उत्तर द्यायचं, मग लखोटा उघडायचा. माणसं मन लावून बघतात का, आणि त्यांच्या पद्धतीत दम आहे का, हे तपासायला. आणि नियम एकच, लखोटा उघडेपर्यंत गटाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. मंजुश्रीने यावर सही केली होती.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तिला तो उतार दिसला. कृष्णविवरांचा नाही, दुसरा. तिने गुरू काढून पाहिला, घालून पाहिला, तारे एकेक करून वगळले, अकरा दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. उतार जागचा हलला नाही. बाराव्या दिवशी तिने आपलं उत्तर गटाला पाठवलं, लॅपटॉप मिटला आणि खाली उतरली. लखोटा आहे हे ती विसरली नव्हती. पण तेरा वर्षांनी छातीत असं काही भरून आलं की माणूस नियमाचं पान काढून वाचत बसत नाही. ती गोलाईत गेली आणि अर्धा किलो पेढे घेऊन आली.

इथेच चुकलं. लातुरात कामाच्या वारी कोणी उगाच पेढे आणत नाही.

"कशाचे गं हे?" अव्वांनी विचारलं. त्या पूजेला बसल्या होत्या, तळहातावर इष्टलिंग होतं.

"आत्ता सांगता येत न्हाई, अव्वा."

"मला नको सांगू. पण पेढा ठेवायलीस तर त्याला तरी सांग. त्याच्यापुढं तोंड शिवून बसता येत न्हाई."

या लिंगायत घराची रीत तीच होती. चांगली गोष्ट आधी लिंगाला, मग माणसांना. मंजुश्रीने पेढा ठेवला, डोळे मिटले आणि मनातल्या मनात सगळं सांगून टाकलं, अगदी उताराच्या आकड्यासकट. अव्वांनी एक पेढा घरात ठेवला आणि उरलेला पुडा घेऊन गल्लीत गेल्या. पेढे घरात कोंडून ठेवायचे नसतात, ही दुसरी रीत.

"कशाचे?" उमादेवींनी विचारलं.

"सांगत न्हाई ती," अव्वा म्हणाल्या.

सांगत नाही म्हणजे काय, हे गल्लीने दहा मिनिटांत ठरवलं. शिकलेली बाई पेढे आणते आणि कशाचे ते सांगत नाही, म्हणजे सरकारी कॉलेजात परमनंट झाली, आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत लपवून राहिली. संध्याकाळपर्यंत दुकानात संगमेशचं अभिनंदन सुरू झालं. तो बिचारा घरी येऊन म्हणाला, "मंजू, मला तरी सांगायचं. लोक मलाच इचारून राहिले." ती म्हणाली, असं काही नाही. तो म्हणाला, मग पेढे कशाचे? ती गप्प बसली म्हणून त्यालाही खरंच वाटलं आणि तो दोन दिवस फुगून बसला.

तिसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नाही. मोठ्याने बोलत नाही, कुणाचा अपमान करत नाही, फक्त क्लास सोडून त्याला दुसरं काही दिसत नाही.

"अभिनंदन मॅडम. तुम्ही सांगितलं न्हाई, पण कळलं. उदगीरहून एक सर येऊन राहिलेत सोमवारपासून. तुमच्या बॅचेस त्यांना देतो."

"सर, मी कुठंच जात न्हाई."

"मॅडम, खामखा लपवू नका. पेढे वाटल्यावर काय राहिलं?"

तिने तीन वेळा नाही म्हटलं आणि सरांनी तीन वेळा समजूतदार मान हलवली. लग्न ठरलेल्या मुलीकडे बघून हसावं तसं हसले. तिला इतका संताप आला की बोलायचं नव्हतं तेच बाहेर पडलं. खोटी बातमी मोडायची तर खरी सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं, असं ती नंतर स्वतःला समजावत राहिली. सगळं सांगून झाल्यावर सर खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे विश्व जन्मलं तेव्हाच्या लहरी? आपल्या मॅडमला सापडल्या?"

"सर, ते अजून बाहेर बोलायचं न्हाई. मुद्दाम मिसळलेली बी असू शकते. लखोटा उघडायचाय."

"कोण बोलतंय मॅडम? आपण दोघंच तर हाव."

शुक्रवारी सकाळी साडेसहाला ती क्लासला निघाली तेव्हा चौकात फ्लेक्स लागलेला होता. वीस फूट रुंद. एका अंगाला निळं आकाश आणि चांदण्या, मधे स्नेहसंमेलनातला तिचा फोटो, नथ घातलेला, आणि खाली ठळक अक्षरांत विश्वाच्या जन्माच्या लहरी शोधणाऱ्या मॅडमचं हार्दिक अभिनंदन. त्याच्याखाली टॉपर पोरांचे चौकोनी फोटो मार्कांसकट, आणि नवीन बॅच सोमवारपासून. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, एका बाईने ओळखून नमस्कार केला. तिने उलट नमस्कार केला की नाही, तिला आठवत नाही.

सरांनी फ्लेक्स दहा वाजता उतरवला. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. "मला वाटलं, खूश व्हाल," ते म्हणाले. पण तोवर फोटो मोबाइलवरून गावोगाव गेला होता. दुपारी नांदेडहून समीक्षाचा फोन आला.

"ताई, फ्लेक्सवर तुम्हीच हाव का?"

"उतरवला तो."

"मला हदगावच्या मावसभावानं पाठवला. त्याला भौतिकी कशाशी खातात तेही माहीत न्हाई. ताई, गटातल्या पुण्याच्या दोघांपर्यंत गेलाय. ते मराठी वाचतेत." मग ती म्हणाली, "कुणी सांगितलं सरांना? गटवाले इचारणार. अव्वांनी सांगितलं म्हणा. घरात ऐकलं, बाहेर बोलल्या, असं लिहा. मी पण तसंच सांगते."

सोपं होतं. अव्वांना गटातलं कोणी कधी भेटणार नव्हतं आणि अव्वांनी नकारही दिला नसता. गटाचं पत्र आलं तेव्हा मंजुश्रीने दोन तास उत्तर लिहिलं आणि खोडलं. सरांबद्दल लिहिलं, पेढ्यांबद्दल लिहिलं, परमनंटच्या अफवेबद्दल लिहिलं. सगळं खरं होतं आणि वाचताना सगळं बहाण्यासारखं वाटत होतं. पेढे आणले म्हणून खुलासा करावा लागला, हे सातासमुद्रापलीकडच्या माणसाला ती काय समजावणार होती? शेवटी एकच वाक्य पाठवलं, मी सांगितलं.

लखोटा डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी उघडला. बैठक पडद्यावरच होती. मंजुश्रीच्या मागे पातेल्यांची खोकी होती, बाकीच्यांच्या मागे पुस्तकं. लखोटा बंद करणाऱ्या दोघांपैकी एकाने आकडा वाचून दाखवला आणि म्हणाला, लहर मिसळलेली होती. मंजुश्रीला वाटलं होतं की असं झालं तर आपण शांत राहू, तयारी होती. तयारी काही कामाला आली नाही. तेरा वर्षांची गोष्ट कुणीतरी दुकानातला माल मांडावा तशी मांडून ठेवली होती आणि तिने ती देवापुढे नेऊन ठेवली होती, याची तिला भयंकर लाज वाटली. मग दुसरं पान पडद्यावर आलं. नऊ जणांची उत्तरं, लखोट्यातल्या आकड्याशी ताडून. सगळ्यांत जवळचं तिचं होतं. गुरूची चूक पुरती वेगळी काढणं एकट्या तिलाच जमलं होतं. पुढच्या खऱ्या आकडेवारीवर तिचीच पद्धत वापरायचं तिथल्या तिथे ठरलं.

तिसरं पान सदस्यत्वाचं होतं. नियम मोडला म्हणून नकार. दोन वर्षं अर्ज करता येणार नाही, आणि आजपासून आकडेवारी बंद. कोणी तिच्याविरुद्ध कडू बोललं नाही. चार माणसांनी तर तिच्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ते कौतुक ऐकणं तिला नकारापेक्षा जड गेलं.

संगमेश रात्री ताट घेऊन वर आला तेव्हा ती क्लासहून येऊन तशीच बसली होती.

"म्हंजे ते खोटं निघालं?" त्याने विचारलं.

"लहर खोटी होती. मी बरोबर मोजली."

"खोटी बरोबर मोजली?" तो गोंधळला. "मंग फायदा काय?"

दिवसभरात तिला हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. विचारणाऱ्यांना तिने लहर मिसळलेली निघाली एवढंच सांगितलं, आणि तेवढ्यावर गल्लीत मॅडमचा शोध फसला म्हणून पसरलं होतं. क्लासमध्ये एका पालकाने सरळ विचारलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण नवऱ्यावर ओरडून काय होणार होतं?

"दुकानात वजनमापाचा साहेब येतो," ती म्हणाली. "तो आपलं वजन घेऊन येतो का न्हाई? वजन त्याचंच असतं. तुमच्या काट्यानं ते बरोबर दाखवलं तर काटा पास."

संगमेशचा चेहरा उजळला. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोचं काम कळलं होतं. "मंग तुझा काटा पास झाला."

"झाला. सगळ्यांत चांगला."

"मंग रडून का राहिलीस?"

"काटा पास केला अन् दुकानाला कुलूप लावलं त्यांनी. माल तोलायचा तो आता दुसरे तोलणार. माझ्या काट्यावर."

त्याने ताट तिच्यापुढे सरकवलं. जरा वेळाने अव्वा वर आल्या, गुडघे धरत. त्यांनी खालून सगळं ऐकलं होतं. "मी वाटले म्हणून झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अव्वा. तुम्ही काय केलं? आणले मीच."

"मला माहीतच न्हवतं, मी काय सांगणार," अव्वा म्हणाल्या. आणि मग गळ्यातल्या लिंगाला हात लावत हळूच, "ज्याला माहीत होतं त्यानं बी कुणाला सांगितलं न्हाई बघ."

मंजुश्रीला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. तिला कुणावर तरी चिडायचं होतं आणि माणूस सापडत नव्हता. सरांवर चिडावं तर ते रोज दोनदा चहा पाठवत होते. समीक्षावर चिडावं तर ती तिच्यासाठी बैठकीत भांडली होती. नियम करणारे चुकीचे नव्हते. शेवटी सगळा राग फिरून आपल्याच अंगावर यायचा. जानेवारीत तिने क्लासची एक जादा बॅच घेतली. अकरा ते साडेतीन हा वेळ रिकामा ठेवायची तिला भीती वाटायला लागली होती.

फेब्रुवारीत एका दुपारी बॅच नव्हती, आणि समीक्षाचा फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, इचारू का नको असं झालंय. पद्धत तुमची हाय म्हणून इचारायची परवानगी काढलीय मी. आकडे सांगता येणार न्हाईत. नुसतं एवढंच सांगा, दोन ताऱ्यांत गुरू बसून न्हाई राहिला. घोळ उरतोच."

मंजुश्रीच्या ओठांवर आलं होतं की तुमचं तुम्ही बघा. तिला खरोखर तसं म्हणायचं होतं. ती म्हणाली, "किती वर्षांची नोंद हाय त्या दोन ताऱ्यांची?"

"नऊ."

"मंग कसा बसेल? गुरूची फेरी बारा वर्षांची. नऊ वर्षांत तो पुरता फिरलेलाच न्हाई. त्या दोघांवरून गुरू ठरवू नकोस. बाकीच्या ताऱ्यांवरून ठरव, मंग तोच या दोघांना लाव. फाइलमधली अठरावी ओळ. तिथं मी मोकळा सोडलाय, तो बांधून टाक."

"थांबा. करून बघते."

फोन चालूच राहिला. पलीकडून कळांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. नांदेडमधल्या त्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मंजुश्री टेबलावर बोट टेकून बसली. तिने मनात मोजलं, आता तारे जुळत असतील, आता उतार निघत असेल. अठराव्या ओळीनंतर किती मिनिटं लागतात, हे तिला पाठ होतं. तेवढी मिनिटं झाली. त्याच्यावर आणखी दोन झाली.

"समीक्षा?"

"ताई," समीक्षा म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. "ताई, मला... मला सांगता येत न्हाई."

"सांगू नको."

"पण ताई, हे तुमचं..."

"एक अक्षर सांगू नको," मंजुश्री म्हणाली. "फोन ठेव आधी. तुझ्या आवाजावरून कळायला लागलंय मला."

समीक्षाने फोन ठेवला नाही, म्हणून तिनेच ठेवला.